तुटलेले बोट आणि टिपलेला हात

किरणोत्सारी पदार्थाला हात लावता येत नाही आणि हात लावल्यावाचून काम होत नाही, या पेचातून पंच्याहत्तर वर्षांपूर्वी एक यंत्र जन्माला आले. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस भिंतीच्या अलीकडे एक हात आणि पलीकडे दुसरा अशी जोडी तयार केली. अलीकडची मूठ माणसाने फिरवायची आणि तारा व धातूच्या पट्ट्यांच्या आधारे पलीकडचा चिमटा तसाच फिरायचा. १९५४ मध्ये त्यांनी हीच जोडी विजेच्या मोटारींवर आणली आणि पलीकडे लागणारा जोर अलीकडच्या हाताला परत जाणवावा अशी सोयही केली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी यंत्रे अनेक दशके बनत आणि वापरली जात आहेत. शिशाच्या काचेच्या जाड खिडकीसमोर उभा राहिलेला तंत्रज्ञ दोन मुठी धरून आतल्या बंदिस्त कक्षात काम करतो. नवखा माणूस साधी कुपी उचलताना घामाघूम होतो, कारण जाड काचेतून वस्तू किती दूर आहे याचा अंदाज चुकतो आणि चिमट्याला बोटे दोनच असतात. सरावलेला माणूस त्याच चिमट्याने बाटलीचे झाकण फिरवून काढतो.

त्या यंत्रात माणसाने मूठ सोडली की पलीकडचा चिमटा निर्जीव होत असे. तंत्रज्ञाचे कसब त्याच्यासोबत संध्याकाळी घरी जाई आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्यासोबतच फाटकाबाहेर पडे. ते मागे राहावे असे संस्थेला वाटत असेल, तर त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा करून शिकवावा लागे. कॅमेऱ्याने किंवा हातमोज्याने हाताच्या हालचाली टिपून मानवी हातासारखा ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा यांत्रिक पंजा, चालवण्याचे जे तंत्र आता आले आहे, त्याने नेमका हाच दुवा बदलला आहे. टिपलेली हालचाल साठते, साठलेली हालचाल यंत्राला शिकवण्यासाठी वापरता येते, आणि ज्याच्या हाताने ही शिकवणी दिली त्याचा तिच्यावर आपल्या कायद्यात आज कोणताही हक्क नाही. तो असायला हवा आणि तो एकेका व्यक्तीपेक्षा त्या त्या व्यवसायातील कामगारांचा सामूहिक हक्क असायला हवा, असे माझे मत आहे. ते मांडण्यापूर्वी हे तंत्र प्रत्यक्षात कसे चालते ते थोडे जवळून पाहावे लागेल, कारण या विषयावरची बरीचशी चर्चा ‘यंत्राने हाताची नक्कल केली’ एवढ्यावरच थांबते आणि त्या वाक्यात निम्मी गोष्ट सुटते.

माझी नोकरीची वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, गेली. निवृत्तीनंतर अधूनमधून अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा बाह्य परीक्षक म्हणून जातो. अशाच एका ठिकाणी चार मुलांनी एका फ्रेंच शिल्पकाराने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या ‘इनमूव्ह’ आराखड्यावरून थ्रीडी प्रिंटरवर हात छापला होता. मनगटामागच्या पोकळीत पाच छोट्या सर्व्हो मोटारी होत्या आणि प्रत्येक मोटारीपासून बोटाच्या टोकापर्यंत मासेमारीची तंगूस ओढलेली होती. समोर लॅपटॉपचा साधा कॅमेरा. गूगलने २०१९ मध्ये खुली केलेली ‘मीडियापाईप’ ही प्रणाली त्या कॅमेऱ्याच्या चित्रातून हातावरचे २१ बिंदू ओळखते: मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे चार. मुलाने हात वर करून उघडला आणि छापील पंजाही उघडला, पण पंजाची बोटे थंडीताप भरल्यासारखी थरथरत होती, कारण प्रत्येक चित्रात बिंदूंची जागा थोडी थोडी हलत होती. हात आडवा केला की बोटे एकमेकांआड जात आणि दिसत नसलेल्या बोटाची जागा प्रणाली अंदाजाने ठरवी. टेबलावर लिंबू ठेवले होते. तीन मुलांनी प्रयत्न केले आणि लिंबू तिन्ही वेळा घरंगळत खाली गेले.

मग त्यांनी प्रयोगशाळेच्या परिचराला बोलावले. हे गृहस्थ महाविद्यालयात लागण्यापूर्वी शिवणकाम करीत. त्यांनी आधी दोन-तीनदा मूठ उघडून-मिटून पाहिले, पंजा हातापेक्षा किंचित मागे राहतो हे ओळखले, आणि मग प्रत्येक हालचालीनंतर क्षणभर थांबू लागले. मनगट त्यांनी असे कलते धरले की पाचही बोटे कॅमेऱ्याला दिसत राहतील. पंजाचा अंगठा नुसता वाकत होता, इतर बोटांसमोर येत नव्हता, म्हणून त्यांनी लिंबू चिमटीत धरण्याचा नाद सोडला आणि तळहात व तीन बोटे यांच्यामध्ये ते खालून कवेत घेतल्यासारखे उचलले. पाच प्रयत्नांत चार वेळा लिंबू वर आले. मुलांनी त्यांच्या अशा अनेक खेपा आधीच नोंदवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावरून, कोणी हात न दाखवता पंजाने आपणहून लिंबू उचलावे, असा पुढचा प्रयोग चालला होता.

परिचराने जे केले त्याला नक्कल म्हणता येणार नाही. माणसाचा हात आणि ग्रिपर यांची शरीरे वेगळी असतात. लंडनच्या एका कंपनीचा शॅडो हँड हा या क्षेत्रातला नावाजलेला पंजा आहे. त्याला २४ सांधे आहेत, पण स्वतंत्रपणे हलवता येणाऱ्या दिशा २० आहेत. संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲलेग्रो हँडला करंगळीच नाही. त्याला चार बोटे आणि १६ सांधे आहेत, आणि बोटे आपल्यापेक्षा बरीच जाडजूड. माणसाच्या बोटांचे कोन जसेच्या तसे अशा पंजाला दिले, तर माणसाची तर्जनी अंगठ्याला टेकते तेव्हा पंजाची बोटे एकमेकांना चुकवून जातात. म्हणून एनव्हिडियाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या ‘डेक्सपायलट’ प्रणालीत सांध्यांच्या कोनांऐवजी बोटांच्या टोकांमधले अंतर राखण्यावर भर होता, म्हणजे माणसाने चिमूट मिटली की पंजाचीही मिटावी. गणिताने हे बरेचसे साधते. उरलेले अंतर मात्र चालवणारा माणूस भरून काढतो. तो काही तासांत स्वतःच्या हाताची सवय मोडून त्या पंजाला मानवेल अशी नवी सवय लावून घेतो.

स्पर्शाचे तर विचारूच नका. माणसाच्या एका तळहातावर आणि बोटांच्या आतल्या बाजूस स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू पोहोचतात. हातातला पेला निसटू लागला तर पकड आवळायला आपल्याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. आमच्या टूलरूममध्ये एक ज्येष्ठ फिटर होते. दोन प्लेटांच्या सांध्यावरून ते तर्जनी एकदाच फिरवीत आणि फीलर गेज लावण्याआधीच ‘इथे पायरी आहे’ म्हणून सांगत. गेज लावल्यावर दोन-तीन शतांश मिलिमीटरची पायरी निघे. कॅमेरा असे काहीच टिपत नाही. बोट कुठे आहे ते त्याला कळते, किती जोराने टेकले आहे ते कळत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर हात हलवून ग्रिपर चालवणारा माणूस वस्तू किती दबली, सावली कशी सरकली, मोटारीचा आवाज कसा बदलला यांवरून जोर ताडत असतो. जोराचा प्रतिसाद देणारे हातमोजे मिळतात, पण ते महाग आणि नाजूक असतात, आणि आठ तास हातात घालून बसणे ही स्वतंत्र शिक्षा असते.

हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की टिपलेल्या नोंदीत केवळ हालचाल नसते. कुठे थांबायचे, काय सोडून द्यायचे, कोणत्या बाजूने पकडायचे हे निर्णय त्या हालचालीत मुरलेले असतात, आणि यंत्र नंतर शिकते ते हेच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘मोबाईल अलोहा’ हा रोबो दाखवला तेव्हा त्याच्या प्रत्येक कामासाठी माणसाने सुमारे ५० वेळा काम करून दाखवले होते, आणि त्यानंतर रोबो ते काम बऱ्याचदा आपणहून करू लागला. तिथे हातमोजा नव्हता, माणूस यंत्राच्या भुजाच धरून हलवत होता. पण करून दाखवणे, नोंदवणे आणि त्यावरून शिकवणे हा क्रम तोच. पूर्वी यंत्राला काम सांगायचे तर अभियंता बसून पायरीपायरीने आज्ञा लिहीत असे. त्या अभियंत्याच्या लिखाणाला बौद्धिक संपदा म्हणतात आणि त्याची मालकी कोणाची यावर करारात पानेच्या पाने खर्ची पडतात. आता आज्ञा लिहिण्याऐवजी हात चालवून दाखवला जातो, तर त्या हाताच्या नोंदीला कच्चा माल म्हणतात.

हा कच्चा माल गोळा करण्याचे काम आपल्या देशात सुरू झालेले आहे. तमिळनाडूतील करूर या वस्त्रोद्योगाच्या गावात कपाळावर कॅमेरा बांधून दिवसभर टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या तरुणांविषयी २०२५ मध्ये वृत्तपत्रांत सविस्तर छापून आले. घडी चुकली किंवा ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की चित्रफीत बाद. ज्या हातांच्या नोंदींवरून परदेशातले यंत्रमानव उद्या कपडे आवरणार आहेत, त्या हातांना त्या दिवसाची मजुरी मिळते आणि व्यवहार तिथे संपतो.

आता आपला कायदा हाताकडे कसा पाहतो ते बघा. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते, ज्यात शरीराचा कोणता भाग गेला तर माणसाची कमावण्याची क्षमता किती टक्के घटली असे मानायचे याची यादी दिलेली होती. अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही पद्धत पुढे चालू ठेवली आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर काम केलेल्या माणसांना हे आकडे ऐकून माहीत असतात, काहींना अनुभवाने. यादी निष्ठुर वाटते, पण तिने एक तत्त्व शंभर वर्षांपूर्वी मान्य केले: कामगाराच्या बोटांत त्याची कमाई आहे, आणि कारखान्यामुळे ती गेली तर कारखान्याने भरून द्यावी. ज्या दिवशी बोट शाबूत राहील आणि त्यातली कमाई मात्र नोंदीच्या रूपाने दुसरीकडे जाईल, त्या दिवसाचा विचार त्या यादीत असणे शक्यच नव्हते.

दुसरा कायदा याहून बोलका आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलावंत’ कोणाला म्हणावे याची १९९४ मध्ये व्याख्या घालण्यात आली. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरत करणारा, हातचलाखीने चेंडू झेलणारा, जादूगार आणि चक्क गारुडीही आहे. या सर्वांच्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रण त्यांच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापराच्या मोबदल्यात त्यांना वाटाही मिळतो. म्हणजे चार चेंडू हवेत खेळवणाऱ्या हाताच्या चित्रणाला आपला कायदा संरक्षण देतो. त्याच कौशल्याने बॉबिनमध्ये तार भरणाऱ्या हाताच्या चित्रणाला देत नाही, कारण समोर प्रेक्षक नाही. याच दुरुस्तीने एक अपवादही केला. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक असते आणि धंद्याच्या रीतीनुसार श्रेयनामावलीत ज्याचे नाव येत नाही, त्याला कलावंत मानायचे नाही. मला हे वाचताना त्या प्रकल्पाचा अहवाल आठवला. ऋणनिर्देशात मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य आणि आईवडील होते, परिचर नव्हते. त्यांच्या नोंदींच्या फाइलीचे नाव ‘हात ३’ असे होते.

उरला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याच्या सातव्या कलमात संमतीवाचून डेटा वापरण्याची जी कारणे मान्य केली आहेत, त्यांत नोकरीशी संबंधित कारणांचा समावेश आहे. मालक म्हणेल, हातमोजा कामाचा भाग आहे, मग नोंदही कामाचाच भाग. आणि नोंदीतून नाव-गाव काढून टाकले की ती वैयक्तिक राहतच नाही, असाही युक्तिवाद होईल. गोपनीयतेच्या वाटेने या प्रश्नाकडे जाण्यात मला फारसे हशील दिसत नाही. आपला हात कोणी ओळखेल ही त्या कामगाराची तक्रारच नाही.

या मांडणीवर जे आक्षेप येतील त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की कसब बघून बघूनच शिकले जाते. उमेदवार कारागिराशेजारी उभा राहून शिकला म्हणून त्याने आयुष्यभर उस्तादाला हप्ता द्यावा असे कोणी म्हटले नाही, मग यंत्राने पाहून शिकले तर काय बिघडले? बिघडते ते मापात. उस्तादाने शिकवलेला पोरगा एका वेळी एकाच बाकावर उभा राहतो, त्यालाही भूक लागते, तोही म्हातारा होतो, आणि तो जवळ असल्यामुळे उस्तादाचे काम हलके होते. टिपलेले कसब त्याच रात्री हजार पंजांत उतरवता येते आणि त्यातल्या एकालाही उस्तादाची गरज उरत नाही. शिवाय उस्ताद कोणाला शिकवायचे हे स्वतः ठरवीत असे आणि तेच त्याचे बळ होते. काही हातोटी तो शेवटपर्यंत राखून ठेवी याच्या कथा प्रत्येक टूलरूममध्ये सांगितल्या जातात. कॅमेऱ्यासमोर हात राखून ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप मापनाचा. लाखो नोंदींतून शिकलेल्या प्रणालीत एका माणसाचा वाटा किती, हे कसे काढणार? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. परिचरांनी मुलांना विचारले होते, ‘आता ते आपणहून उचलतं, त्यात माझा हात कुठला ते कळतं का?’ मुलांना सांगता आले नाही, कारण शिकवताना तिघा-चौघांच्या नोंदी एकत्र मिसळल्या होत्या आणि निघालेल्या आकड्यांच्या जंजाळात कोणाचे काय हे वेगळे काढण्याची सोय नव्हती. पण थेंबे थेंबे तळे साचते हे मान्य करायचे, तळ्याचे पाणी विकायचे आणि थेंबाला मात्र किंमत नाही म्हणायचे, हे चालणार नाही. वाटा वेगळा काढता येत नाही यावरून एवढेच सिद्ध होते की मोबदला माणशी देता येणार नाही.

तिसरा आक्षेप भावनेला हात घालणारा आहे आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही कामे माणसाच्या हातून सुटलीच पाहिजेत; तिथे हक्क-मोबदल्याचे खोडे घातले तर ती सुटायला आणखी वीस वर्षे लागतील. मैला उपसण्याची प्रथा बंद करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा अधिक कडक २०१३ चा. गटारात उतरून मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले, कारण माणसे उतरतच होती आणि मरतच होती. तिरुवनंतपुरमच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये आणलेले ‘बँडिकूट’ यंत्र मॅनहोलमध्ये भुजा सोडते आणि माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहत ती चालवतो. अशा भुजेला हाताच्या खुणांनी चालणारा चांगला पंजा मिळाला, तर मी त्याचे स्वागतच करीन. इंग्रजी मेन्यू आणि बटणांची पाटी समजून घेण्यापेक्षा हात दाखवून काम करणे सोपे असते, म्हणजे ज्याने आयुष्यभर हे काम केले त्यालाच यंत्र चालवता येईल. गाळ कुठे घट्ट बसतो, चिंधी कुठे अडकते, कोणती वीट हलवली की वरची ढासळते, हे ज्ञान उतरलेल्या माणसाकडेच आहे.

पण म्हणूनच तिथे हक्काचा प्रश्न आणखी तीव्र होतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर हे काम लादले गेले, त्यांच्या हातांकडून शेवटचे एकदा ते ज्ञान काढून घ्यायचे, यंत्र शिकले की ठेका दुसऱ्याच कोणाला तरी द्यायचा आणि यांना ‘मुक्त झालात’ म्हणून सांगायचे, असे होणार असेल तर त्याला सुधारणा म्हणायला मी तयार नाही. हक्काने यंत्र येण्यास उशीर होतो हेही मला पटत नाही. गटारात उतरणे कायद्याने बंद होऊनही यंत्रे उशिरा आली, याचे कारण कामगारांनी मोबदला मागितला हे नव्हते. माणूस स्वस्त होता हे होते.

हाताच्या हालचाली टिपण्याचा उद्योग नवा आहे असेही समजू नये. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९१० च्या दशकात कामगारांच्या बोटांना छोटे विजेचे दिवे बांधून, कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवून त्यांच्या हालचालींच्या प्रकाशरेषा फोटोत उतरवल्या आणि त्या रेषांवरून तारेचे नमुने वाकवले. हेतू थकवा कमी करण्याचा होता असे ते सांगत. पण हालचाल कागदावर आली की तिचा वेग कोणी ठरवायचा हा प्रश्न त्यांच्या हातात राहिला नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ मध्ये सहा महिने संप चालला, त्याच्या मुळाशीही ‘कार्यक्षमता’ हाच शब्द होता: विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे, आणि वाढलेल्या उत्पादनातले त्याला किती मिळणार हे मालक ठरवणार. वादाचा गाभा माग तीन की दोन हा नव्हता, फायद्याची वाटणी हा होता, आणि आजही तोच आहे.

हात एका देशात आणि यंत्र दुसऱ्या देशात, या अंतराचाही एक मुद्दा आहे; तो थोडक्यात सांगतो. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या फ्रेंच शल्यविशारदांनी स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचे पित्ताशय रोबोच्या भुजांनी काढले, तेव्हा समुद्रापार हात पोहोचतो हे सिद्ध झाले. आज जपानमधल्या दुकानांच्या शीतकपाटांत बाटल्या मांडणारे रोबो अडले की मनिलात बसलेला तरुण हेडसेट घालून त्यांचा ताबा घेतो. आपले कामगार कायदे कामाची जागा पाहून लागू होतात. हात नाशिकला, पंजा ओसाकाला आणि नोंदी कॅलिफोर्नियात अशी स्थिती आली की किमान वेतन कुठले आणि बाटली फुटली तर जबाबदार कोण, हे सांगणारे कलम आपल्याकडे नाही. नोंदींचा हक्क निव्वळ नोकरीच्या करारावर सोडू नये, याचे हेही एक कारण आहे.

मग तो कशावर सोपवावा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. हमालाला एक मालक नसतो; सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. कोणत्या व्यापाऱ्याने त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत किती घालावे हे वेगळे काढता येत नव्हते, म्हणून त्याला कोणीच काही देत नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याखालील मंडळांत मालक, कामगार आणि सरकार असे तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसतात. मालक मजुरीसोबत ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून निधी, उपदान, औषधपाणी पाहते. हमालाने कोणाची किती पोती उचलली याचा हिशेब भविष्यनिर्वाह निधीसाठी लागत नाही. खोट्या माथाडींच्या नावाने पैसे उकळले जातात ही तक्रार खरी आहे आणि मंडळांचा कारभार कुठे कुठे कसा आहे हे जाणकारांना ठाऊक आहे. तरीही ‘वाटा वेगळा काढता येत नाही’ या अडचणीवर कायद्याने शोधलेला याहून व्यवहारी मार्ग मला दुसरा माहीत नाही.

टिपलेल्या हातांसाठीही असेच मंडळ असावे. लेव्ही नोंद करताना न घेता वापराच्या ठिकाणी घ्यावी: माणसांच्या नोंदींवरून शिकलेला ग्रिपर ज्या कारखान्यात, गोदामात किंवा नगरपालिकेत बसेल तिथे, बसवलेल्या पंजामागे. म्हणजे नोंदी व्हिएतनाममध्ये करून आणल्या तरी लेव्ही चुकणार नाही, आणि ‘नियम केले तर काम देशाबाहेर जाईल’ या भीतीतही फारसा अर्थ राहणार नाही. पैसा त्या व्यवसायातल्या सर्व नोंदणीकृत कामगारांसाठी खर्च व्हावा, ज्यांचा हात टिपला गेला आणि ज्यांचा नाही त्या दोघांसाठीही. आमच्या त्या फिटरना सांध्यावरून बोट फिरवायला त्यांच्या आधीच्या फिटरने शिकवले होते. कसब व्यवसायाचे असते, हात एकाचा असतो एवढेच. करारात मात्र दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या पाहिजेत: हात दाखवून यंत्र चालवणे ही नोकरी आणि त्या हालचालींतून यंत्राला शिकवणे ही दुसरी गोष्ट. दुसरीला कामगाराने नकार दिला म्हणून पहिली जाता कामा नये, आणि होकार दिला तर त्या तासांचा दर वेगळा असावा.

संपूर्ण कायद्याची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईच्या निविदा महापालिका दरवर्षी काढतात आणि त्यात यंत्रांच्या क्षमतेपासून चालकाच्या गणवेशापर्यंतच्या अटी असतात. त्यांत आणखी दोन घालायला विधिमंडळ लागत नाही. भुजा चालवणारा माणूस पूर्वी हे काम हाताने करणाऱ्यांपैकी असावा ही पहिली. आणि त्याच्या हाताच्या सर्व नोंदी महापालिकेच्या ताब्यात राहाव्यात, ठेकेदाराला त्या पुढे वापरायच्या असतील तर त्याने त्यांचे वेगळे पैसे मोजावेत, आणि ते पैसे सफाई कामगारांच्या निधीत जावेत, ही दुसरी.